खड्ड्यापुरता सहभाग

कोंढवा बुद्रुकमधल्या 11.89 हेक्टर जमिनीची कथा पुण्यात राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा नीट वाचावी. ही जमीन 1879 मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली. 1998 मध्ये ती शेतीसाठी म्हणून एका कुटुंबाला दिली गेली, पुढच्याच वर्षी विकायची परवानगी मिळाली आणि ती एका गृहनिर्माण सोसायटीकडे गेली. 2007 मध्ये तिथल्या बांधकामाला पर्यावरण मंजुरीसुद्धा मिळाली. अखेर 15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा व्यवहार बेकायदा ठरवला, जमीन वनखात्याला परत करायला सांगितली आणि राजकारणी, अधिकारी व बिल्डर यांच्या संगनमताचा हा नमुना असल्याचं स्पष्ट नोंदवलं. शिवाय महसूल खात्याकडे राहिलेल्या राखीव वनजमिनी कुणाकुणाला दिल्या गेल्या, हे तपासायला विशेष पथकं नेमा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला.

या व्यवहारावर शिक्के कमी नव्हते. महसूल खातं होतं, वनखातं होतं, मंत्रालय होतं. फायली या टेबलावरून त्या टेबलावर रीतसर फिरत होत्या. प्रकरण न्यायालयात लावून धरलं ते मात्र पुण्यातल्या एका नागरिक मंचाने, आणि निकाल हातात पडेपर्यंत 18 वर्षं गेली. वनसंवर्धनात लोकांना सामील करून घेणं म्हणजे सरकारच्या मनाचा मोठेपणा, असं आपल्याकडे समजलं जातं. इथे जंगल सांभाळायचा पगार घेणाऱ्यांनी ते सोडून दिलं आणि ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं त्यांनी ते धरून ठेवलं.

म्हणून सरकारी परिपत्रकात लोकसहभागाचा उल्लेख दिसला की मी त्यात दोनच गोष्टी शोधतो. लोकांनी नाही म्हटलं तर काही अडतं का? आणि लोकांच्या सहीवाचून पैसे खर्ची पडतात का? अडत काहीच नसेल आणि पैसे खुशाल खर्ची पडत असतील, तर प्रभातफेरी, शपथ, सेल्फी पॉइंट, हजेरीपटावरच्या सह्या हे सगळं अहवालात फोटो लावण्यापुरतं.

पुण्यात असला सहभाग बघायचा तर जूनमध्ये टेकड्यांवर जावं. 5 जूनला पर्यावरण दिन येतो. पाऊस काही त्या तारखेला बांधील नसतो, पण कार्यक्रम उरकायचाच असतो. खड्डे आदल्या दिवशीच तयार असतात, काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने मांडलेली असतात आणि फ्लेक्सवरचे पाहुण्यांचे फोटो रोपांपेक्षा मोठे असतात. पाहुणे येतात, पिशवी अर्धीमुर्धी फाडून रोप खड्ड्यात उतरवतात, झारीने पाणी घालताना कॅमेऱ्याकडे बघतात. कंपन्यांचे टी-शर्ट घातलेली मुलंमुली माती लोटत असतात. त्यांच्या उत्साहाची थट्टा मला करायची नाही, तो खराच असतो. पण हे झाड इथे का, हीच जात का, या उतारावर मुळात झाडं हवीत की गवत, उन्हाळ्यात टँकर कोण आणणार, यातलं काहीही त्यांना कुणी विचारलेलं नसतं. मार्चपर्यंत गवत वाळतं, कुणाची तरी पेटती बिडी पडते, वणवा लागतो आणि पुढच्या जूनमध्ये त्याच उतारावर पुन्हा खड्डे.

राज्य पातळीवर हेच कोटींच्या भाषेत झालं. 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी, 2019 मध्ये 33 कोटी रोपं अशी उद्दिष्टं ठरली. पुढे सरकार बदललं आणि 2021 मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमली गेली. रोपं जगली किती यावर भरपूर धुरळा उडाला. माझा आक्षेप त्याच्या आधीच्या टप्प्यावर आहे. आकडा मुंबईत ठरला आणि वरून खाली वाटत वाटत ग्रामपंचायतीपर्यंत आला. ‘आमच्या गायरानात झाडं नकोत, गवत राहू द्या, जनावरं आहेत’ असं म्हणायची जागाच त्या उतरंडीत कुठे नव्हती. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या बाहेरून आलेल्या झाडाची) दाटी झाली तीही याच मनोवृत्तीतून. झपाट्याने हिरवं दिसतं म्हणून लावलं; खालचं गवत, झुडपं आणि त्यांच्यात राहणारे पक्षी यांचा हिशेब मांडायचं कुणाला सुचलं नाही.

वनखातं आणि लोक यांच्यातला अविश्वास जुना आहे. डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी आणि गायरानं सरकारी फॉरेस्टात घातल्यामुळे शेतकऱ्याच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 मध्येच मांडली होती. स्वातंत्र्य आलं तरी 1927 चा वन कायदा राहिला आणि खात्याचा जमीनदारी तोराही राहिला. पहिली फट पडली 1990 मध्ये. त्या वर्षीच्या 1 जूनच्या केंद्राच्या परिपत्रकाने संयुक्त वन व्यवस्थापन, म्हणजे गाव आणि वनखातं यांनी मिळून जंगल सांभाळायची योजना आली, दोन वर्षांनी महाराष्ट्राने त्याचा शासन निर्णय काढला आणि गावोगाव समित्या झाल्या. काही समित्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी मनापासून पाळली, उजाड डोंगर हिरवे केले. हे नाकारणं अन्यायाचं होईल. पण रचनेतच पाचर होती. समितीचा सचिव वनखात्याचा माणूस, बँकेतले पैसे जोडसहीने निघणार आणि आराखडा परिक्षेत्र कार्यालयातून तयार होऊन येणार. निधी असेपर्यंत बैठका होत. निधी आटला की इतिवृत्ताची वही कपाटात.

2006 च्या वन हक्क कायद्याने ही पाचर काढली, निदान कागदावर. सामूहिक वनसंपत्तीचं संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने थेट गावाला दिला. तो हक्क वापरायला गेल्यावर काय होतं ते गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा)ने पाहिलं. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, तो देणार वनखातं आणि खातं तो देईना. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात गेले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री दोघांनी जातीने यावं लागलं, तेही बांबूच्या पासासाठी! संसदेने दिलेला हक्क परिक्षेत्र कार्यालयाच्या एका टेबलावर किती सहज अडतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव त्याच्या पुढे गेलं. 2012 मध्ये सामूहिक हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतःच्या हातात घेतला आणि बिडीसाठी लागणारा तेंदूपत्ता मात्र तोडायचा नाही असं ठरवलं. तेंदूच्या हंगामासाठी झाडं छाटतात, नवी पालवी फुटावी म्हणून आगी लावतात. जंगलाला ते सोसत नाही, असं त्यांचं म्हणणं. हातचं उत्पन्न त्यांनी आपण होऊन सोडलं. लोकांच्या हाती जंगल दिलं तर ते विकून खातील, असं चहाच्या टेबलावर छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पडताळून पाहावं. एक पाचगाव आपल्याकडेही आहे, पाचगाव-पर्वतीचं, तळजाईचं जंगल. तिथे सकाळ-संध्याकाळ माणसांची रीघ असते. कार्य आयोजना म्हणजे त्या जंगलाचं पुढच्या 10 वर्षांत काय करायचं हे ठरवणारा खात्याचा आराखडा. रोज तिथे चालणाऱ्यांपैकी किती जणांना तो वाचायला मिळाला असेल? तो त्यांच्यासाठी लिहिलेलाच नसतो.

नाही म्हणायचा अधिकार खरा असला की काय होतं, हे ओडिशातल्या नियमगिरीत दिसलं. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2013 च्या निकालानंतर 12 ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. खाण अडली. यातून सरकारांनी जो धडा घ्यायचा तो घेतला. 2022 च्या वन संवर्धन नियमांनुसार ग्रामसभेची संमती आणि हक्कांची पूर्तता हे बघणं राज्याचं काम झालं. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची अंतिम मंजुरी केंद्र त्याआधीच देऊ शकतं. लग्न लावून झाल्यावर मुलीची पसंती विचारायची, तशातली ही गत. मंजुरी हातात असलेल्या राज्य सरकारपुढे कुठल्या वाडीचा नकार टिकणार?

आता पुणे जिल्ह्याकडे येऊ. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा पेसा कायदा तिथे लागू आहे. भीमाशंकरचं अभयारण्य 1985 पासूनचं, आणि शेकरूमुळे ते राज्यभर ठाऊक आहे. त्याच डोंगरांतल्या महादेव कोळी घरांचं वर्षाचं रोख उत्पन्न बऱ्याच अंशी बाळहिरड्यावर, म्हणजे औषधी हिरड्याच्या कोवळ्या फळांवर चालतं, हे मात्र शनिवार-रविवारी तिकडे गाड्या घालणाऱ्यांच्या गावीही नसतं. फळ कोवळं असतानाच हिरडा उतरवायचा, वेचायचा, अंगणात वाळवून काळा पडू द्यायचा आणि आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर किंवा दारात आलेल्या व्यापाऱ्याला घालायचा. झाड जगलं तरच पुढच्या वर्षी माल, त्यामुळे हिरड्यावर कुऱ्हाड चालवणाऱ्याला तिथे कुणी शहाणं म्हणणार नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने ही झाडं मोडली, माल गेला. शेतीच्या आणि घरांच्या नुकसानीसाठी ठरलेले निकष होते. हिरडा त्यांत बसेना. भरपाईसाठी या माणसांना वर्षानुवर्षं निवेदनं, मोर्चे, उपोषणं करावी लागली. जंगल टिकण्यात ज्यांचा सगळ्यात रोकडा स्वार्थ आहे, त्यांचं उत्पन्न सरकारच्या तक्त्यात कुठल्या रकान्यातच नव्हतं. आणि आपण त्यांच्यात ‘जनजागृती’ करायला पथनाट्य पाठवतो.

त्या पट्ट्यातली गावं वाड्यावाड्यांत विखुरलेली. ग्रामसभा पंचायतीच्या कार्यालयापुढे भरते. एखादी वाडी तिथून डोंगराच्या पार पलीकडे असते. वन हक्काच्या कामासाठी निम्मी हजेरी हवी आणि त्यात एकतृतीयांश बाया हव्यात, असं नियम सांगतो. भाताची लावणी टाकून कोण येणार? मग वहीच वाडीवर फिरते, सह्या-अंगठे गोळा होतात आणि कोरम भरतो. हे अज्ञानातून होत नाही. घाई वरून येते, कागद पूर्ण हवा असतो आणि ग्रामसेवकाला दुसऱ्या दिवशी तालुक्याला अहवाल द्यायचा असतो. महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांत वाडी-पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची सोय आहे. ती नीट वापरली तर ग्रामसभा देवळाच्या ओट्यावर, संध्याकाळी, सगळ्यांना येता येईल अशा वेळी भरेल.

अशीच घाई जैवविविधता नोंदवह्यांची, म्हणजे गावाच्या परिसरातली झाडं-प्राणी आणि त्यांच्याविषयीची माहिती टिपायच्या वह्यांची झाली. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि ती टळली तर राज्यांना महिन्याला 10 लाख रुपयांचा भुर्दंड लावला. हेतू चांगला होता. पण गावातल्या जाणत्यांबरोबर रानात फिरून वर्षभरात भरायची वही मुदतीच्या धास्तीने भरायला घेतली की ती गावाची राहत नाही, ती एखाद्या एजन्सीची होते. वही झाली, दंड टळला, गावाला तिचा पत्ता नाही.

इथवर वाचून मी गावाला देव्हाऱ्यात बसवतोय असं कुणाला वाटेल. तसं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ वामन वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास पुण्यातूनच केला. देवाच्या धाकाने वाळलेली काडीसुद्धा बाहेर न नेणारी गावं त्यांनी पाहिली. त्याच सह्याद्रीत नंतर मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी गावकऱ्यांनीच रायांमधली झाडं विकली, हेही घडलं. मुंबईला गेलेल्या मंडळींनी पैसे पाठवले, स्लॅब पडला, फरशी बसली, राई विरळ झाली. निर्णय गावाचाच होता. पण गाव म्हणजे दोन-चार कर्ती माणसं, आणि बायांना, वाडीवरच्यांना कुणी विचारलं नव्हतं.

बिबट्याची गोष्ट याहून बोचरी आहे. जुन्नरमध्ये 2001 नंतर लोकांच्या रेट्याने पिंजरे लागले, बिबटे धरून दुसरीकडे सोडले गेले. पुढे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, ते स्थलांतराच्या काळात 17 वर गेले. म्हणजे खात्याने लोकांचं ऐकलं आणि फटका लोकांनाच बसला. याला मी सहभाग म्हणणार नाही. तो दबाव होता, आणि भेदरलेल्या माणसांकडून दुसरं काही येणं शक्यही नव्हतं. पकडलेला बिबट्या अनोळखी मुलखात सोडला की काय करतो, रिकामी झालेली जागा कोण घेतो, ऊस जिथे आहे तिथे पिंजऱ्याने काय साधतं, ही माहिती आधी त्यांच्यापुढे ठेवून मग निर्णय मागायला हवा होता. माहिती न देता मत मागायचं आणि मग ‘लोकांनाच हवं होतं’ म्हणून हात झटकायचे, ही पळवाट खात्यांना फार सोयीची पडते.

शहरात तर टेकडीचं गाव कुठलं, इथपासूनच तयारी. वेताळ टेकडीसाठी आणि बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात पुणेकर रस्त्यावर उतरले, ते योग्यच केलं. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, त्यातही जागरूक नागरिकांचा मोठा वाटा होता. पण त्या आरक्षणातली जमीन बहुतेक खासगी, आणि मालकांना देऊ केलेला मोबदला 8 टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. तो त्यांना पटला नाही, ताबा आला नाही, टेकडी मधल्या मध्ये अधांतरी आणि कडेने बांधकामं सुरू. टेकडी वाचवायची बैठक भरते तेव्हा हे जमीनमालक तिथे नसतात. पायथ्याच्या वस्तीतलंही कुणी नसतं. सरपणाची मोळी घेऊन उतरणारी बाई आणि शेळ्या वळणारा पोरगा हे टेकडीप्रेमींच्या लेखी उपद्रवच असतात. त्यावर उपाय म्हणून भिंत मागितली जाते. खालच्या पार्किंगमध्ये गाडी लावून चालायला येणारा नागरिक आणि तिथेच जन्मलेला अतिक्रमणवाला, ही विभागणी कुणी केली? वणवा लागला तर पाच मिनिटांत वर पोचू शकणारी माणसं त्याच वस्तीत राहतात. त्यांना बैठकीत खुर्ची नसेल तर ती टेकडी एका वर्गाच्या फिरण्याची सोय होईल.

करायचं काय, याची उत्तरं फार गूढ नाहीत. कार्य आयोजना मंजूर होण्याआधी सोप्या मराठीत, नकाशासकट, गावात आणि प्रभागात वाचून दाखवा आणि आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्या. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेने कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर हिशेबतपासणी करावी असं कलम घातलं गेलं. वृक्षलागवडीला ते का नको? सर्व्हे नंबर, रोपांच्या जाती, खड्ड्यांची संख्या आणि खर्च जागेवर फलकावर लिहा. तिसऱ्या वर्षी लोकांसमोर रोपं मोजा आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या मोजणीनंतरच काढा. राखीव वनातल्या ज्या जमिनी महसूल खात्याकडे आहेत, त्यांची गटवार यादी तलाठी कार्यालयात आणि संकेतस्थळावर लावा. चौकशी पथकाला जे शोधायला महिने लागतात, ते सांगणारा म्हातारा गावात बहुतेक वेळा सापडतो.

वनरक्षकालाही याचा त्रास होणार नाही. शेकडो हेक्टरचं बीट, म्हणजे राखणीचा भाग, सोबत एखादा मजूर, आणि तीन-चार वर्षांत बदली. त्याला खरी मदत गावच करू शकतं. वणवा अडवणाऱ्या जाळरेषा कुठे काढायच्या, वारा कुठून येतो, कुठल्या नाळेने लाकूड उतरतं, हे त्याला गावच सांगणार. अडचण येईल ती वरच्या टेबलांवर, पैशाची गोष्ट निघाल्यावर. जंगल वळवल्याबद्दल जमा होणाऱ्या भरपाईच्या निधीचा 2016 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, त्यातला 90 टक्के वाटा राज्यांकडे येतो. तो राज्याच्या प्राधिकरणाकडून वनखात्याकडे जातो आणि त्यातून पुन्हा खड्डे निघतात. ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळालाय आणि ज्यांनी आपला आराखडा केलाय, त्यांच्या खात्यावर यातला काही भाग थेट जायला हवा. गैरव्यवहार होतील, अशी हरकत निघेल. होतीलही, त्यासाठीच अंकेक्षण मागतोय.

आपल्या जिल्ह्यात याची सुरुवात आंबेगावच्या पश्चिमेकडच्या चार-पाच वाड्यांपासून करता येईल. आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहेच. सामूहिक हक्काचे दावे जिथे अडकले असतील तिथे ते आधी निकाली काढावे लागतील, हिरड्याच्या झाडांची मोजणी वाडीनिहाय करावी लागेल आणि वादळवाऱ्याच्या भरपाईत हिरडा नावानिशी घालून घ्यावा लागेल. ठरावांसाठी 26 जानेवारीची ग्रामसभा सोयीची. लावणी नसते, रस्ते कोरडे असतात आणि हिरड्याच्या हंगामाला अजून अवकाश असतो.